रानवाटेवरील मौन आणि ज्ञानाची कसोटी : मराठी वनविषयक ललितगद्याचा चिकित्सक विचार

सारांश

मराठीतील वनविषयक ललितगद्याची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी झालेली आहे. एक त्यातील भाषासौंदर्याची आणि दुसरी त्यातून मिळणाऱ्या माहितीची. या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शांतपणे रानवाट चालणे ही या लेखनाच्या पाठीशी असलेली ज्ञानप्राप्तीची पद्धत आहे. त्यामुळे लेखक जे सांगतो ते त्याला कसे कळले, हे त्याचे गद्य कितपत उघड करते, हीच या लेखनाची खरी कसोटी ठरते. दुर्गा भागवत, व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाच्या आधारे हा विचार येथे मांडला आहे. जंगलात पायी फिरण्याची संधी आक्रसत असताना या लेखनाकडे कसे पाहावे, याचाही विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

बीजसंज्ञा : रानवाट, निरीक्षण, मौन, अटन-विजन, प्रत्यक्ष, अनुमान, शब्दप्रमाण, वनविषयक ललितगद्य.

१. प्रास्ताविक

मराठी वाङ्मयात निसर्गवर्णनाची परंपरा प्राचीन असली, तरी वनस्पती आणि वन्यजीव यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले गद्य हे प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्ली यांची ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ ही पुस्तके आली. या लेखनाने मराठी वाचकाला अरण्याकडे पाहण्याची एक नवी दृष्टी दिली. चितमपल्ली यांची २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा या लेखनप्रकाराला वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभल्याची भावना व्यक्त झाली. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. भागवत, माडगूळकर आणि चितमपल्ली हे तिन्ही लेखक आज हयात नसल्यामुळे या परंपरेचे एकत्रित मूल्यमापन करणे अगत्याचे झाले आहे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात हे लेखन ‘ललित गद्य’ या सदराखाली शिकविले जाते. प्रश्नपत्रिकेत ‘लेखकाच्या निसर्गप्रेमाचे स्वरूप स्पष्ट करा’ अशा धर्तीचे प्रश्न येतात आणि विद्यार्थी प्रतिमा, अलंकार, संवेदनशीलता यांची यादी देतात. याच्या उलट टोकाला, हे लेखन म्हणजे पशुपक्ष्यांविषयीच्या रंजक माहितीचा साठा आहे, असेही मानले जाते. पहिल्या दृष्टिकोनात वन हे लेखकाच्या भावनांचे निमित्त ठरते, तर दुसऱ्यात लेखकच अनावश्यक ठरतो. लेखकाने जे पाहिले ते कसे पाहिले, हा प्रश्न दोन्हींमध्ये सुटून जातो. प्रस्तुत लेखाचा रोख नेमका याच प्रश्नावर आहे.

२. अटन आणि विजन : परंपरेतील एक सूत्र

एकट्याने व मुकाट्याने रान तुडविण्याच्या कल्पनेचा उगम पाश्चात्त्य निसर्गलेखनात शोधण्याचा प्रघात आहे. हेन्री डेव्हिड थोरो यांचा चालण्यावरील निबंध १८६२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यापूर्वी १८५४ साली त्यांचे ‘वॉल्डन’ आले होते. या दुसऱ्या ग्रंथाचा मराठी अनुवाद ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने दुर्गा भागवत यांनीच केला आहे. तेव्हा हा संबंध नाकारण्याचे कारण नाही. तथापि मराठी परंपरेत या वृत्तीसाठी स्वतःच्या संज्ञा उपलब्ध आहेत, याकडे दुर्लक्ष झाले आहे.

महानुभाव आचारधर्मात ‘अटन’ आणि ‘विजन’ या दोन गोष्टींना महत्त्वाचे स्थान आहे. अटन म्हणजे एका जागी न गुंतता फिरत राहणे आणि विजन म्हणजे निर्जन ठिकाणी एकांतात राहणे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांचे भ्रमण, झाडाखालचा मुक्काम आणि पारध्यांपासून सशाला दिलेले अभय हे प्रसंग येतात. तेथे या आचाराचा हेतू धार्मिक आहे, निसर्गनिरीक्षण हा नव्हे, हे स्पष्टच आहे. परंतु चालणे आणि थांबणे या दोन वेगळ्या साधना आहेत आणि दोहोंत माणसाने आपला ‘मी’ बाजूला ठेवायचा असतो, हा विचार त्यातून हाती लागतो. आधुनिक वनविषयक गद्य समजून घेताना या दोन संज्ञा उपयुक्त ठरतात, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. मौनाचे कार्य

रानवाटेवरील मौनाचे वर्णन बहुधा ‘गूढ’, ‘धीरगंभीर’, ‘मनाला भिडणारे’ अशा विशेषणांनी केले जाते. वास्तविक या मौनाची एक व्यावहारिक बाजू आहे आणि तीच अधिक अर्थपूर्ण आहे.

विदर्भातील शुष्क पानझडी वनाचे उदाहरण घेता येईल. फाल्गुन-चैत्रात साग, ऐन, धावडा यांची पाने गळून जमिनीवर पसरलेली असतात. सागाच्या मोठ्या वाळक्या पानावर पाऊल पडले, तर त्याचा आवाज दूरवर जातो. या दिवसांत झाडोरा विरळ असल्याने नजर लांबपर्यंत पोहोचते, परंतु चालणाऱ्याचा सुगावाही तितक्याच लांब जातो. पावसाळ्यात परिस्थिती नेमकी उलटी होते. ओल्या पाचोळ्यावरून निःशब्द चालता येते, पण वाढलेल्या गवताआड आणि पानोऱ्याआड चार हातांवरचे जनावरही दिसत नाही. दिसणे आणि न दिसता राहणे यांचा असा व्यस्त संबंध रानातल्या प्रत्येक ऋतूत आढळतो. उन्हाळ्यात म्हणूनच धुळीच्या वाटेने चालावे लागते, वाऱ्याची दिशा पाहावी लागते आणि अखेर पाणवठ्याजवळ लपणात बसून राहावे लागते. महाराष्ट्रातील व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असते. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या लेखकाच्या वनवर्णनावर हिवाळ्या-उन्हाळ्याची छाप राहणे स्वाभाविक आहे. पावसाळी रानाचे गद्य तुलनेने कमी असण्यामागे अभिरुचीपेक्षा हेच कारण अधिक असावे.

मौनाचे दुसरे कार्य ऐकण्याशी निगडित आहे. चितळांचा कळप आणि वानरांची टोळी पुष्कळदा एकत्र आढळते. वानरांनी झाडावरून टाकलेला पाला व फळे चितळांना मिळतात आणि धोक्याची सूचना दोघांनाही एकमेकांकडून मिळते. वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाचा शिटीसारखा तीक्ष्ण स्वर आणि सांबराचा मोठा तुटक आवाज यांना जंगलातील वाटाडे ‘कॉल’ म्हणतात. चितळ लहानसहान कारणानेही बिचकते, सांबर मात्र सहसा विनाकारण ओरडत नाही, असा जाणत्यांचा अनुभव आहे. म्हणजेच या आवाजांना कमीअधिक विश्वासार्हता असते आणि ती तोलूनच निष्कर्ष काढावा लागतो. बोलत चालणाऱ्याला हे आवाज ऐकू येत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या बोलण्याने तेच आवाज त्याच्याविषयी होऊ लागतात. निरीक्षकाच्या उपस्थितीने निरीक्षणाचा विषयच बदलतो. मौन हा तो बदल कमीत कमी ठेवण्याचा उपाय आहे.

४. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द

भारतीय ज्ञानमीमांसेत ज्ञानाची जी साधने मानली आहेत, त्यांपैकी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन येथे विशेष उपयोगी आहेत. रानात डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धुळीतील ठसा, उकरलेले वारूळ, विष्ठेत सापडलेल्या तेंदूच्या बिया, बुंध्यावरचे नखांचे ओरखडे यांवरून जे ताडले ते अनुमान. वाटाड्याने, गुराख्याने, मोहफुले वेचणाऱ्या बाईने सांगितले ते शब्द. रानवाटेवरचे बहुतेक ज्ञान अनुमानाचे आणि शब्दाचे असते. प्रत्यक्षाचे क्षण विरळा येतात आणि ते थोड्याच वेळात संपतात.

‘वाघ नुकताच येथून गेला’ हे वाक्य उदाहरणादाखल घेऊ. ते व्याकरणदृष्ट्या पाहिलेल्या घटनेचे वर्णन वाटते, परंतु वस्तुतः ते अनुमान आहे. ठशाची कड किती ताजी आहे, त्यावर वाळके पान पडले आहे काय, कोळ्याने जाळे विणले आहे काय, सांबर कोणत्या बाजूला ओरडले, या पायऱ्या ओलांडून लेखक त्या वाक्यापर्यंत आलेला असतो. चांगले वनविषयक गद्य या पायऱ्या वाचकासमोर ठेवते. त्यामुळे वाचकही चालणाऱ्याबरोबर विचार करू लागतो. दुय्यम गद्य पायऱ्या गाळून थेट निष्कर्ष सांगते आणि त्याला विशेषणांची जोड देते.

अनुमानातील चूक हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, हे आपल्याच देशातील व्याघ्रगणनेच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. १९७२च्या गणनेपासून वाघांची संख्या प्रामुख्याने पाऊलखुणांवरून ठरविली जात होती. ठशाच्या आकारावरून वाघाची ओळख पटविता येते, असे त्यात गृहीत धरले होते. परंतु तोच पंजा मऊ धुळीत, ओल्या मातीत आणि कडक जमिनीवर वेगवेगळा उमटतो. राजस्थानातील सरिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाले, तोवर कागदोपत्री तेथे वाघ होते. त्यानंतर २००५ साली व्याघ्र कृतिदल नेमण्यात आले. २००६च्या गणनेपासून स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय पद्धती यांचा अवलंब झाला आणि २००८ साली देशातील वाघांचा अंदाज १४११ इतका प्रसिद्ध झाला. खूण आणि ती उमटविणारा जीव यांच्यातील अंतर विसरले की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. हे अंतर लक्षात ठेवण्याची जबाबदारी वनाधिकाऱ्याप्रमाणेच ललित लेखकावरही येते.

५. थांबणे : व्यंकटेश माडगूळकर

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे ‘नागझिरा’ हे पूर्व विदर्भातील नागझिरा अभयारण्यातील त्यांच्या वास्तव्यावर आधारलेले पुस्तक आहे. माडगूळकर हे कथाकार होते तसेच चित्रकारही होते आणि त्यांच्या वनविषयक लेखनात चित्रकाराची शिस्त आढळते. रेखाटन करणाऱ्याला समोरच्या वस्तूकडे आपल्या कल्पनेपेक्षा अधिक वेळ पाहावे लागते. माडगूळकरांची लहान, क्रियापदावर भर देणारी, अलंकाराला सहसा थारा न देणारी वाक्ये या शिस्तीतूनच आलेली आहेत. जनावर काय करते हे ते सांगतात, जनावराला काय वाटले हे सांगण्याची त्यांना घाई नसते.

त्यांच्या लेखनाचे केंद्र विजनात, म्हणजे एका जागी थांबण्यात आहे. प्राणी पळतात, म्हणून त्यांना पाहण्यासाठी माणसाने स्थिर व्हावे लागते. या स्थिरतेमुळे त्यांच्या गद्यात प्रत्यक्षाचे प्रमाण अधिक आहे. ‘सत्तांतर’ या वानरांच्या जीवनावरील कादंबरीला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची समीक्षा करताना सत्तास्पर्धेचे मानवी रूपक या अंगावर बराच भर दिला गेला. परंतु ती कादंबरी रूपक म्हणून उभी राहते, याचे कारण मुळात ती वानरांची कादंबरी म्हणून खरी आहे. टोळीवरचा हक्क, नराची हकालपट्टी, पिलांवर येणारे संकट या गोष्टी वानरांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी नोंदविलेल्या आहेत. प्रथम निरीक्षण आणि मग अर्थ, हा क्रम माडगूळकरांनी पाळला. समीक्षेने मात्र तो पुष्कळदा उलटा केला.

या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. पाहुणा म्हणून काही काळ येऊन राहणाऱ्याला प्राण्यांच्या हालचाली टिपता येतात, पण झाडांची चाल कळत नाही. स्थिर बसलेल्याच्या दृष्टीने वृक्ष ही पार्श्वभूमीच राहते. झाडांकडे पाहण्यासाठी मौनापेक्षा निराळी गोष्ट लागते, ती म्हणजे पुन्हा पुन्हा येणे.

६. परत येणे : दुर्गा भागवत

‘ऋतुचक्रा’ची रचना चैत्र ते फाल्गुन अशी बारा महिन्यांची आहे. ही रचना केवळ सोयीची मांडणी नाही. झाड पळत नाही, परंतु ते एका भेटीत दिसतही नाही. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे निष्पर्ण अवस्थेत फुलतात, कुसुमाची कोवळी पालवी तांबडी असते, बहावा उन्हाच्या काहिलीत लोंबते घोस धरतो, सागाला तुरे येतात ते पावसाळ्यात. यांतील प्रत्येक अवस्था काही दिवसांची असते. त्याच झाडापाशी वर्षभर परत येणाऱ्यालाच ती दिसते. दुर्गाबाईंचे (१९१०–२००२) गद्य वनस्पतींना नायकत्व देऊ शकले, ते या पुनरागमनामुळे. महानुभावांच्या संज्ञेत सांगायचे तर, हे अटन आहे, पण त्याच त्याच वाटेने केलेले.

दुर्गाबाई मानवशास्त्राच्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. त्यामुळे त्यांच्या निरीक्षणाला संस्कृत काव्य, लोककथा आणि सणवार यांची जोड मिळते. येथे एक सूक्ष्म अडचण मात्र उद्भवते. त्यांचे महिने चांद्र आहेत. चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांचा मेळ अधिक मासाने घातला जात असल्याने तिथी आणि ऋतू यांचे नाते दरवर्षी थोडे सरकते. २०१८ साली गुढीपाडवा १८ मार्चला होता, तर २०२१ साली तो १३ एप्रिलला आला. चैत्राच्या आरंभात अशा रीतीने जवळजवळ चार आठवड्यांचा फरक पडतो. झाड मात्र पंचांग पाहून फुलत नाही. ‘ऋतुचक्रा’तील चैत्र हा म्हणूनच सांस्कृतिक काळ आहे, नोंदवहीतील दिनांक नव्हे.

हा दोष आहे काय? थोरो यांनी १८५०च्या दशकात अमेरिकेतील काँकर्ड परिसरात फुलांच्या बहराच्या दिनांकवार नोंदी ठेवल्या होत्या. सुमारे दीडशे वर्षांनंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या नोंदी आजच्या बहराशी ताडून पाहिल्या आणि अनेक वनस्पती आता लवकर फुलू लागल्याचे त्यांना आढळले. तापमानवाढीच्या अभ्यासात एका ललित लेखकाची टिपणे पुरावा ठरली. ‘ऋतुचक्रा’चा असा उपयोग करता येणार नाही. परंतु चैत्राबद्दलच्या मराठी मनातील अपेक्षा काय होत्या, कोणत्या महिन्याशी कोणते फूल, कोणता गंध जोडला गेला होता, याचे ते विश्वसनीय साधन आहे. ऋतूंचे वेळापत्रक बदलत जाईल तसतशी त्या अपेक्षा आणि वास्तव यांच्यातील फट रुंदावेल. ती फट मोजण्यासाठी ‘ऋतुचक्र’ लागेल. मात्र त्यासाठी त्या पुस्तकाकडे केवळ रमणीय गद्य म्हणून पाहणे सोडावे लागेल.

७. ऐकणे : मारुती चितमपल्ली

मारुती चितमपल्ली यांचे स्थान वेगळे आहे. ते वनखात्यात अधिकारी होते आणि १९९० साली निवृत्त होईपर्यंत त्यांचे आयुष्य जंगलात गेले. नवेगावबांध आणि मेळघाट ही नावे त्यांच्या लेखनाशी कायमची जोडली गेली आहेत. थांबणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी त्यांना नोकरीनेच उपलब्ध करून दिल्या. त्यांत त्यांनी तिसऱ्या गोष्टीची भर घातली, ती म्हणजे वनात राहणाऱ्या माणसांचे ऐकणे.

या ऐकण्याचे मोठे फळ म्हणजे शब्द. पक्ष्यांची, झाडांची, वाटांची, प्रहरांची नावे त्यांनी गोंड, माडिया, कोरकू अशा समाजांकडून आणि संस्कृत ग्रंथांतून वेचली. बगळ्यांच्या सामूहिक वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ ही नावे त्यांच्यामुळे मराठीत परिचित झाली. त्यांचा ‘पक्षिकोश’ हा याच वृत्तीचा विस्तार होय. नाव नसलेली गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, या अर्थाने त्यांनी मराठी वाचकाची दृष्टी वाढविली. हे ऋण निर्विवाद आहे.

तथापि ज्ञानाच्या कसोटीवर त्यांच्या लेखनाचा सर्वांत जास्त ऊहापोह व्हावयास हवा. त्यांच्या गद्यात प्रत्यक्ष, शब्द आणि ग्रंथप्रामाण्य हे तिन्ही प्रवाह एकाच लयीत वाहतात. एखाद्या पक्ष्याचे वर्तन लेखकाने स्वतः पाहिले, सोबतच्या माणसाने सांगितले की प्राचीन ग्रंथात वाचले, हे वाक्याच्या घडणीवरून पुष्कळदा ओळखता येत नाही. त्यातून त्यांच्या लेखनाला एक मोहक अद्भुतता येते, परंतु विधान तपासण्याचा मार्ग बंद होतो. भाबडा वाचक सर्वच खरे मानतो, तर शास्त्राचा अभ्यासक एखाद्या शंकास्पद विधानामुळे सगळेच बाजूला सारतो. दोघांचीही हानी होते. दुसऱ्या हानीची तीव्रता अधिक, कारण तीत वनवासी माणसाचे अस्सल ज्ञानही नाकारले जाते.

यावर उपाय लोकसमजुती गाळणे हा नव्हे. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारखी जाणती माणसे चितमपल्लींच्या लेखनात नावानिशी येतात, तेथे शब्दप्रमाणाला चेहरा मिळतो. कोण बोलत आहे, त्याचा रानाशी संबंध काय, हे वाचकाला कळते आणि त्या बोलण्याचे वजन ठरविता येते. याउलट ‘आदिवासी असे म्हणतात’ अशा प्रकारची वाक्यरचना ज्या ज्या लेखनात येते, तेथे बोलणारा माणूस नाहीसा होतो आणि त्याचे ज्ञान निनावी होते. सांगणाऱ्याचे नाव लिहिणे ही वाङ्मयीन दृष्ट्या लहान, पण ज्ञानदृष्ट्या आणि नीतिदृष्ट्या मोठी गोष्ट आहे.

८. मौन कोणाचे?

येथवर मौनाचा विचार निरीक्षकाच्या बाजूने झाला. परंतु रानवाट केवळ निरीक्षकाची नाही. चैत्रात पहाटे मोहाची फुले झाडाखाली गळतात आणि ती वेचण्यासाठी बायामाणसे अंधारातच निघतात. अस्वल आणि चितळ यांनाही ती फुले हवी असतात. पुढे तेंदूपानाचा हंगाम येतो. या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोली भागात माणसांवर वन्यप्राण्यांचे हल्ले होतात, हे दरवर्षीच्या वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. म्हणून वेचणारे घोळक्याने जातात आणि बोलत, हाकारत जातात. निरीक्षकाला जे मौन लाभदायक, तेच वेचणाऱ्याला धोक्याचे असते.

हा विरोध मराठी वनविषयक गद्याने क्वचितच लक्षात घेतला आहे. अधिकारी किंवा पाहुणा यांचे चालणे ‘भ्रमंती’ ठरते, तर सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईचे चालणे दीर्घकाळ ‘अतिक्रमण’ ठरत आले. वस्तुतः कोणत्या मोहाला यंदा बहर कमी आहे, अस्वल कोणत्या नाल्याने उतरते, हे तिला ठाऊक असते. तेही निरीक्षणच आहे. फक्त ते गद्यात उतरलेले नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने या चालण्याला कायदेशीर मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात जंगल हे गावाच्या अभ्यासाचा आणि निर्णयाचा विषय म्हणून येते. वनविषयक ललितगद्याच्या चर्चेत या पुस्तकाचा समावेश सहसा होत नाही. तो व्हावयास हवा, कारण त्यामुळे निरीक्षक कोण, या प्रश्नाचे उत्तर विस्तारते.

९. बंद होत चाललेली पायवाट

आणखी एक बदल या वाङ्मयप्रकाराच्या मुळावर येणारा आहे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ साली व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. व्याघ्रप्रकल्पांच्या पर्यटनक्षेत्रात आज पर्यटकाला ठरलेल्या रस्त्यांवरून, ठरलेल्या वेळेत, वाहनात बसूनच फिरावे लागते. सुरक्षितता आणि संरक्षण या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, माडगूळकर वाचून नागझिऱ्याला जाणाऱ्या वाचकाला त्यांच्यासारखे पायी चालता येत नाही. वाहनातून ठसा ओझरता दिसतो, त्यावर पडलेले पान दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात दूरचा ‘कॉल’ विरून जातो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसण्याची जी संधी वनविभाग देतो, तीत थांबणे टिकून आहे. चालणे मात्र व्याघ्रप्रकल्पाबाहेरच्या रानांत, बफर क्षेत्रातील मोजक्या निसर्गवाटांवर आणि देवरायांतच उरले आहे.

अनुभवाचे हे आक्रसणे लेखनावरही उमटते. प्रत्यक्षाची जागा छायाचित्राने घेतली आहे. छायाचित्र वाघ निःसंशय दाखवते, परंतु तेथवर नेणाऱ्या खुणांची साखळी दाखवू शकत नाही. ज्या प्राण्याचे चांगले छायाचित्र मिळत नाही, तो प्राणी नजरेआड होतो. झाडाचे तर विचारावयासच नको. अशा वेळी चालण्यातून जन्मलेले जुने गद्य हे एका हरवत चाललेल्या कौशल्याचे दस्तऐवज बनते. ते स्मरणरंजन म्हणून वाचले तर त्याचा अर्धा अर्थ वाया जातो. ते पद्धत म्हणून वाचले, तर गावालगतच्या माळरानावर, तळ्याकाठी किंवा महाविद्यालयाच्या आवारातही तिचा अवलंब करता येतो. मराठीच्या वर्गात ‘ऋतुचक्र’ शिकविताना आवारातील एखाद्या झाडाची वर्षभर दिनांकवार नोंद ठेवावयास सांगणे, वनस्पतिशास्त्र विभागाच्या सहकार्याने ती तपासून घेणे, हा त्या पुस्तकाच्या अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) वनविषयक ललितगद्यातील मौन हे वातावरणनिर्मितीचे साधन नसून निरीक्षणाची पद्धत आहे. ते ऋतू, भूमी आणि निरीक्षकाचे सामाजिक स्थान यांनी नियंत्रित होते.

२) थांबणे, परत येणे आणि ऐकणे या तीन क्रियांतून अनुक्रमे माडगूळकर, भागवत आणि चितमपल्ली यांच्या गद्याची घडण स्पष्ट होते. प्राण्यांसाठी स्थिरता, वनस्पतींसाठी पुनरागमन आणि नावांसाठी श्रवण आवश्यक ठरते.

३) पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले यांतील भेद जे गद्य राखते, ते वाङ्मयीन दृष्ट्याही अधिक समर्थ ठरते, कारण ते वाचकाला निरीक्षणात सहभागी करून घेते. हा भेद पुसला गेला की विधानाची आणि विधान पुरविणाऱ्या माणसाची, दोघांचीही हानी होते.

४) वनात राहणाऱ्या व वनावर जगणाऱ्या माणसाचे निरीक्षण या परंपरेत अद्याप पुरेसे आलेले नाही. ते त्याच्या नावानिशी येणे ही या वाङ्मयप्रकाराची पुढील गरज आहे.

मराठी वनविषयक गद्याने वाचकाला अरण्याची ओढ लावली, हे त्याचे मान्य झालेले यश आहे. कसे पाहावे आणि पाहिल्याची खात्री कशी करावी, हेही त्याने शिकविले आहे. त्या शिकवणीची दखल समीक्षेने आणि अध्यापनाने अजून पुरेशी घेतलेली नाही.